डोकं सांभाळा

मानदासीच्या घरात डोकं आपटल्याशिवाय नव्या माणसाचा गृहप्रवेश होत नसे. बर्फाच्या डोंगरातल्या शिरोग गावातली जुनी घरं सगळीच बुटक्या दारांची, पण या घराचा सुतार बहुधा स्वतःच चार फुटी असावा. पहिल्यांदा येणारा माणूस उंच उंबरा बघून पाय उचलायचा आणि वर कपाळ आपटून घ्यायचा. मग आतून मानदासीची सासू ओरडायची, "डोकं सांभाळा!" आधी कधीच नाही, आपटून झाल्यावर. सासूला जाऊन सोळा वर्षं झाली होती. आता तीच आरोळी मानदासी ठोकायची, तीही आपटल्यानंतरच, घरची रीत म्हणून.

घर तीन मजली. देवदाराच्या तुळया आणि दगड एकाआड एक रचलेले, वर पाटीच्या दगडांचं छप्पर. अख्ख्या घरात लोखंडाचा एक खिळा नाही, जे काही धरून ठेवलंय ते लाकडी खुंट्यांनी. खाली गोठा, मधे धान्याची अंधारी कोठी, सगळ्यांत वर राहायच्या दोन खोल्या. अलीकडच्या खोलीत चूल, पलीकडच्या खोलीत खोली तापवायचा पत्र्याचा तंदूर आणि मानदासीची खाट. जिन्याची चौथी पायरी बाकीच्यांच्या दुप्पट उंच. चुलीपाशी एक छोटी खिडकी होती, ती उघडली की समोर दगडी भिंत. आतल्या खोलीच्या जमिनीतली एक फळी उचलता यायची, गोठ्यातली ऊब वर यावी म्हणून.

आणि त्याच खोलीच्या उत्तरेच्या भिंतीत ते दार. घराला तीन बाजूंनी लाकडी सज्जा होता, नेमका उत्तरेला नव्हता. दार उघडून पाऊल टाकलं तर ते थेट हवेत, आणि तीन-चार माणसांच्या उंचीइतके खाली नाल्यातले धोंडे. सुतार त्या दिवशी लुगडी जास्त ढोसून आला होता असं गावात सगळेच सांगत. तांदळाची ती आंबवलेली दारू शिरोगमधल्या बऱ्याच गोष्टींचा खुलासा करायला पुरी पडते.

मानदासी भाबडी बाई नव्हती. गावच्या छोट्या पोस्टात तिनं सत्तावीस वर्षं खिडकी सांभाळली होती. तिला प्रत्येक गोष्टीचा आकडा लागायचा. सफरचंदाच्या झाडांना हिवाळ्यात किती तास थंडी मिळाली ते मोजायला बागवाले थर्मामीटर टांगतात, तिनं दोन घेतले होते. एक बागेत, एक खाटेच्या उशाशी. रोज सकाळी तंदूर पेटवण्याआधी ती दोन्ही वाचायची आणि वहीत लिहायची. तीन जनावरं गोठ्यात असताना सकाळी खोलीत अकरा-बारा अंश असत. एक कमी झालं की दोन अंश उतरायचे. एका गाईचा श्वास म्हणजे दोन अंश, हे तिचं स्वतःचं संशोधन, आणि त्याचा तिला फार अभिमान होता.

गेल्या माघात मात्र तिच्या छातीत कफ भरला. चार जणांनी खुर्चीत बांधून, बर्फातून खांद्यावर घेऊन तिला खाली रस्त्यापर्यंत नेलं, आणि अकरा दिवस ती इस्पितळात होती. चंदीगडला नोकरी करणारा तिचा मुलगा टेकचंद तेव्हा इतका घाबरला की कार्तिकात घरी आला तो ठरवूनच. आल्याआल्या त्यानं गाई नदीपलीकडच्या माणसाला देऊन टाकल्या.

"बर्फात शेण काढत बसतेस. पुरे आता," तो म्हणाला. "आणि हे घरही पुरे. हे घर नाही अम्मा, फटींची मोळी आहे. काका म्हणतो तसं पाडू आणि सिमेंटचं बांधू."

काका म्हणजे मानदासीचा धाकटा दीर डाबेराम. त्यानं शेजारच्या शेतात सिमेंटचं घर बांधलं होतं, मोठाल्या काचा, गुलाबी रंग. भावाची जागा मिळाली तर पर्यटकांसाठी आणखी आठ खोल्या उठवायचा त्याचा बेत होता, आणि तो बेत पुतण्याच्या काळजीआड छान लपत होता.

"माझ्या सासऱ्याच्या बापानं बांधलेलं घर," मानदासी म्हणाली. "भूकंपात तुझ्या काकाची भिंत तडकली. माझ्या घरातलं दुधाचं भांडंसुद्धा हललं नाही."

"भूकंप दहा वर्षांनी एकदा येतो. थंडी दर वर्षी येते."

हे खरं होतं, आणि तेच तिला झोंबलं. शेवटी दोघांनी सौदा केला. हा एक हिवाळा. ती रोज सकाळी खोलीचा आकडा मुलाला कळवणार. आकडा पाचाच्या खाली गेला की दुसऱ्या दिवशी तो येऊन तिला घेऊन जाणार, आणि फाल्गुनात घर पाडलं जाणार. गावचा देव हिवाळ्याअखेर परत येईपर्यंत ती टिकली, तर टेकचंद घराचा विषय जन्मात काढणार नाही.

"आणि खोटा आकडा नाही पाठवायचा."

"सत्तावीस वर्षं शिक्का मारलाय मी," मानदासी म्हणाली. "चुकीची तारीख पडली कधी?"

पौषात आठ होते. मग सात. मग साडेसहा. खाली गोठा रिकामा, फळी उचलली तर थंडीच वर यायची. संक्रांतीच्या सकाळी सहा.

संक्रांतीला शिरोगचा देव स्वर्गात जातो. बेचाळीस दिवस गावात आवाज करायचा नाही. गाईंच्या गळ्यातल्या घंटा काढतात, टीव्ही कपड्यानं झाकतात, कुऱ्हाड कोपऱ्यात उलटी ठेवतात. लाकडं आधीच फोडून ठेवायची. फोन मुका करायचा. बोलायचं तेही कुजबुजत, आणि भांडण असेल तरी कुजबुजतच. नवरा-बायकोची कडाक्याची भांडणं शेजाऱ्यांना कळू न देता करण्यात शिरोगची माणसं म्हणूनच पटाईत आहेत.

त्या दिवशी मानदासीनं दर वर्षीसारखा उत्तरेच्या दाराचा अडसर काढून ठेवला. दार लोटलेलं, पण अडसर नाही. देव येईपर्यंत तो लावायचा नाही, ही सासूची शिस्त. नवी नवरी असताना तिनं एकदा कारण विचारलं होतं.

"देव वर जातो ना," सासू कढईत ढवळत म्हणाली होती, "सगळ्यांना थोडंच बरोबर घेऊन जातो?"

मानदासीनं आपल्यापुरतं ठरवलं होतं की तंदूरचा धूर कोंडून माणूस मरू नये म्हणून ही सोय असणार. जुनी माणसं शहाण्या गोष्टी वेड्या कारणांनी सांगत. गेल्या वर्षी संक्रांतीला टेकचंद घरी होता. त्यानं वारा येतो म्हणून अडसर लावून फटीत पोती कोंबली होती. तेव्हा तिनं त्याला अडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच. तिसऱ्या दिवशी सात. मग साडेआठ, दहा.

बाहेर उणे सात असताना, विझलेल्या तंदूरच्या खोलीत, सहाव्या सकाळी बारा अंश होते. मानदासीनं थर्मामीटर झटकला. बागेतला आणून शेजारी टांगला. दोन्ही बारा. तिनं खाली जाऊन गोठ्यात डोकावलं. गोठा रिकामा, गव्हाणीवर बर्फाची पिठी. तिनं वहीत बारा लिहिले, खाली रेघ मारली आणि मुलाला कळवलं.

'अम्मा, थर्मामीटर काखेत धरतेस का?' त्याचा उलट संदेश आला.

'काखेत छत्तीस येतात, शहाण्या,' तिनं लिहिलं.

हिवाळ्यात शिरोगच्या बायका भांगेच्या सुताची पायताणं विणतात. त्यांना पूलं म्हणतात, देवाच्या दारात चामडं चालत नाही म्हणून ही घालायची. मानदासीनं पहिला जोड विणून उत्तरेच्या दारापाशी ठेवला होता, तिथं नेहमी ठेवायची म्हणून. सकाळी तो ओला होता. फटीतून बर्फ उडाला असेल. पण तळवेही झिजले होते, सूत पिंजून वर आलं होतं, महिनाभर खडकावर वापरल्यासारखं. सुतात खोट असणार, असं म्हणून तिनं दुसरा जोड विणायला घेतला. चार दिवसांनी त्याचीही तीच गत झाली.

या सुतावर तिनं फार डोकं चालवलं नाही, कारण ती खुशीत होती. तेरा अंश होते. शेजारची खिमी, तिची लहानपणापासूनची मैत्रीण, लोकर कातायला येऊन बसली आणि अंगावरच्या लोकरी पट्टूची पिन सैल करत कुजबुजली, "काय गं, खाली म्हशी आणल्यास की काय? घाम आला मला."

"घराची करामत आहे," मानदासी म्हणाली. तिला नाचावंसं वाटत होतं, पण नाचायलाही बंदी होती.

चूक तिचीच झाली. मुलाला खिजवायच्या भरात तिनं लिहिलं, की तुझ्या त्या फटीच्या दाराला अडसरसुद्धा नाही, तरी तेरा. टेकचंदला आकडा दिसलाच नाही. त्याला दिसली अम्मा, अंधारात चाचपडत त्या दारातून नाल्यात पडलेली. त्यानं काकाला फोन केला.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी मानदासी खिमीकडे गेली होती. गावावर ऊन पडलं होतं आणि इतकी शांतता होती की छपरावरून घसरणाऱ्या बर्फाचा आवाज मोजता येत होता. तेवढ्यात आवाज आले. ठप्प. ठप्प. ठप्प. हातोडीला कापड गुंडाळून मारावेत तसे. खिमीनं तोंडावर हात ठेवला. देव नसताना गावात कुणीतरी ठोकत होतं.

मानदासी परतली तेव्हा उत्तरेच्या दारात चौकटीलगत चार-चार इंचांचे तीन खिळे होते. शंभर वर्षांच्या घरात पहिलं लोखंड. जमिनीवर गोणपाटाचा तुकडा पडला होता, डाबेरामच्या सिमेंटच्या पोत्याचा.

ती तशीच त्याच्या गुलाबी घरी गेली. भांडण अर्थातच कुजबुजत झालं.

"देव नसताना हातोडी चालवलीस? लाज नाही वाटत?"

"कापड गुंडाळलं होतं भाभी."

"देवाला काय बहिरा समजतोस?"

"टेकनं सांगितलं म्हणून केलं. उद्या खाली पडलीस तर मला विचारेल. आणि वारा बंद झाला, घर आणखी गरम होईल. माझे आभार मान."

ती घरी आली, पक्कड हातात घेतली, आणि थांबली. डाबेरामचं बोलणं कडू असलं तरी गणितानं बरोबर होतं. फट बंद झाली तर ऊब वाढायला हवी. आकडा खरं काय ते सांगेल. तिनं पक्कड ठेवून दिली.

सकाळी नऊ होते.

दुसऱ्या सकाळी सात. तिनं दिवसभर तंदूर पेटता ठेवला, फळीवर घोंगडी अंथरली, फटीत कागद कोंबले. तिसऱ्या सकाळी साडेपाच. उत्तरेची भिंत आतून पांढरी झाली होती, बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. तिच्या छातीत गेल्या वर्षीची ती ओळखीची घरघर सुरू झाली.

"सात लिही," खिमी कुजबुजली. "कोण बघायला येतंय?"

"मी बघतेय ना."

चौथ्या सकाळी पाच. नेमके पाच, केसभरही वर नाही. तिनं पाच कळवले. मुलाचं उत्तर लगेच आलं. 'उद्याचा आकडा बघून गाडी काढतो. अम्मा, हट्ट सोड.' तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं, आणि भीतीचंही. या खोलीत ती पस्तीस वर्षं झोपली होती. इथंच टेकचंद जन्मला होता आणि इथूनच नवरा गेला होता. उद्या एका अंशापायी हे सगळं मलब्यात जाणार होतं.

ऊन चढलं. ती तंदूरपाशी हात शेकत बसली होती तेव्हा तिला आवाज ऐकू आला.

पाय बदलल्याचा आवाज होता. थंडीत बराच वेळ उभा राहिलेला माणूस एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकतो, तसा. मग आणखी एक. मग कुणीतरी घसा खाकरल्यासारखं, अगदी हळू, बेचाळीस दिवसांचा मान राखून. मानदासीला तो आवाज चांगला माहीत होता. मनिऑर्डरी वाटायच्या दिवशी, हिवाळ्यात पोस्टाची खिडकी उघडायच्या आधी, बाहेर रांग असायची. कुणी दार वाजवत नसे, कुणी हाक मारत नसे. नुसते पाय हलत असत. सत्तावीस वर्षं तिनं हा आवाज खिडकीच्या आतून ऐकला होता.

हा आवाज उत्तरेच्या दाराबाहेरून येत होता, जिथं उभं राहायला काहीही नव्हतं.

ती उठली, बाहेरून सज्ज्याच्या टोकापर्यंत गेली आणि कठड्याला धरून वाकून बघितलं. दाराबाहेर हवा होती. खाली नाल्यात ताजा बर्फ, त्यावर पाखराचाही पाय उमटलेला नव्हता. दाराच्या फळ्यांवर दव गोठून बोटभर पांढरा थर साचला होता. पण त्या थरात वितळलेले गोल होते. माणसाच्या तोंडाच्या उंचीला, कुठं थोडे वर, कुठं थोडे खाली. एकमेकांना लागून, दाटीवाटीनं. ती बघत होती तेव्हाच एक गोल किंचित मोठा झाला.

मानदासी आत आली. तिनं दोन्ही हात पट्टूला पुसले. भीती वाटली, नाही असं नाही. पण त्या भीतीच्या वर दुसरंच काहीतरी चढलं, ते तिच्या जुन्या सवयीचं होतं. रांग उभी होती आणि खिडकी बंद होती. हे तिला कधीच सहन झालं नव्हतं.

तिनं जर्दाळूच्या बियांचं तेल कोमट केलं आणि तिन्ही खिळ्यांच्या मुळाशी थेंबथेंब सोडलं. ठोकायचं नव्हतं, करकर होऊ द्यायची नव्हती. पकडीच्या जबड्याला चिंधी गुंडाळली. पहिला खिळा एका केसाइतका फिरवायचा, थांबायचं, तेल सोडायचं, पुन्हा फिरवायचं. खोकला आला की ती तोंडात पट्टूचा बोळा धरायची. पहिला निघाला तेव्हा सज्ज्यावरचं ऊन सरकलं होतं. दुसरा निघाला तेव्हा तिच्या तळहाताची कातडी सोलली होती.

तिसरा हलेना.

तिनं तेल ओतलं. वाट बघितली. दोन्ही हातांनी पिळलं.

हलेना.

बाहेरचे पाय थांबले होते. आता काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. तिला वाटलं, निघून गेले. उशीर झाला.

"थांबा," ती कुजबुजली. "थांबा जरा. काढतेय ना मी."

हातातून पक्कड निसटली. ती तिनं जमिनीवर पडू दिली नाही, मांडीवर झेलली. मांडीवरून नजर वर केली तेव्हा खिळा बोटभर पुढं आलेला होता.

तिनं त्याला हात लावलेला नव्हता.

खिळा आणखी पुढं आला. सावकाश, गोल फिरत, कसलाही आवाज न करता. बाहेरून कुणीतरी टोकाशी धरून लोटावा तसा.

तिनं तळहात खाली धरला. खिळा तिच्या हातात पडला.

तो ऊन होता.

मानदासीनं दार आत ओढलं. समोर पांढरा डोंगर, निळं आभाळ, मधे मोकळी हवा. वारा अजिबात नव्हता. ती बाजूला झाली आणि दार धरून उभी राहिली, पाहुण्यांसाठी धरतात तसं. मग जे या घरात नेहमी म्हटलं जातं तेच तिच्या तोंडून निघालं. आयुष्यात पहिल्यांदाच आपटण्याच्या आधी.

"डोकं सांभाळा."

ती बराच वेळ तशी उभी होती. हात भरून आला. दुसऱ्या हातानं धरलं.

सकाळी चौदा होते.

तिनं तो आकडा तीनदा वाचला, वहीत लिहिला, आणि मग उशीत तोंड खुपसून पोटभर हसली, कारण हसण्यालाही आवाज असतो. 'चौदा,' तिनं मुलाला कळवलं. 'गाडी परत आत ठेव.' तीन दिवसांत छातीतली घरघर गेली. माघातलं सगळ्यात मोठं बर्फ पडलं तेव्हा गावातले नळ गोठून फुटले, आणि डाबेरामच्या गुलाबी घरातल्या न्हाणीघराची फरशी पाइप फुटून निम्मी उखडली. काचेच्या भिंतींनी त्याचं घर शीतपेटी झालं होतं. पस्तिसाव्या दिवशी तो घोंगडी पांघरून तिच्या दारात आला आणि वरच्या लाकडावर ठाणकन कपाळ आपटून आत शिरला.

"डोकं सांभाळा," मानदासी हळूच म्हणाली.

"भाभी, जरा बसू का तुझ्याकडे? बायको माहेरी गेली. हातपाय वळेनासे झालेत."

"बस की. खिळे न मारता बस."

तो आतल्या खोलीत खाटेच्या कडेला बसला. तिनं मीठ घातलेला चहा केला. आणेपर्यंत त्यानं दोनदा मागं वळून बघितलं होतं. मग तो सरकून खाटेच्या अगदी टोकाला गेला, शेजाऱ्याला जागा द्यावी तसा. मग उठला.

"मी सज्ज्यात पितो चहा," तो म्हणाला.

"उणे चार आहेत बाहेर."

"बरं वाटतं मोकळ्यावर," डाबेराम म्हणाला, आणि खरोखरच बाहेर उभं राहून, कुडकुडत, त्यानं तो चहा संपवला. घराचा विषय त्यानं त्यानंतर काढला नाही. काढायची सोयही उरली नाही. बेचाळिसाव्या दिवशी देव परतला, ढोल वाजले, घंटा पुन्हा गाईंच्या गळ्यात गेल्या, आणि गावानं पहिला मोठा आवाज केला तो डाबेरामवर. ते ठोके सगळ्यांनी मोजले होते, फक्त बोलायची बंदी होती म्हणून गप्प होते. त्यानं गावाला जेवण घालायचं ठरलं. खिमीनं भर अंगणात, सगळ्यांच्या देखत, हातोडीचा अभिनय करून दाखवला आणि बायका पोट धरून हसल्या. मानदासी सर्वांत मोठ्यानं हसली. बेचाळीस दिवसांचं साठलेलं होतं.

देव परतला की अडसर पुन्हा लावायचा. पण त्याआधी ढोलांचा आवाज घुमत असताना तिनं उत्तरेचं दार सताड उघडून धरलं. जायचं असेल त्यानं जावं. दारापाशी तिनं हिवाळाभर विणलेले पूलांचे अकरा जोड रांगेत ठेवले होते. ढोल थांबले. तिनं वाकून जोड चाचपले. सगळे कोरडे होते. तिनं दार लोटलं. अडसर लावावा की नाही हे तिला ठरवता येईना, म्हणून तो तिथंच भिंतीला टेकवून ठेवला.

टेकचंद दुसऱ्या दिवशी सकाळी आला. रातोरात बसमधून येऊन तो आंबून गेला होता. त्यानं वही बघितली, थर्मामीटर बघितले, भिंती हातानं चाचपल्या, रिकाम्या गोठ्यात जाऊन आला, आणि शेवटी चौथ्या पायरीवर ठेचकाळून वर येत म्हणाला, "हरलो, अम्मा."

"काय म्हणालास? ऐकू नाही आलं. आता मोठ्यानं बोलायला परवानगी आहे."

"हरलो! हे घर असंच राहील. मी विषय काढणार नाही."

"मुलांपुढंही नाही."

"मुलांपुढंही नाही."

तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि त्याला आतल्या खोलीत झोपायला पाठवलं. स्वतः चुलीपाशी बसून पीठ मळायला घेतलं. त्याच्या आवडीचे सिड्डू करायचे होते, आत अक्रोड, वर वितळलेलं तूप. इतक्या आनंदानं तिनं पीठ कधी मळलं नव्हतं. सिड्डू वाफेवर चढले, तुपाचा वास सुटला, तेव्हा टेकचंद डोळे चोळत बाहेर आला. बुटक्या दारातून वाकून, सवयीनं, अगदी बरोबर.

"काय ऊब आहे गं," तो म्हणाला आणि तिच्यासमोर ताट घेऊन बसला. "तंदूर पेटलेला नाही आणि मी घोंगडी फेकून दिली." पहिला सिड्डू तोडता तोडता तो थांबला. "अम्मा, गाई परत आणल्यास ना? मला न सांगता?"

"सकाळी गोठा बघून आलास की तू."

"हो, पण... झोपेत सारखा श्वास ऐकू येत होता. जनावरं रवंथ करताना घेतात तसा. खूप जणांचा."

"खालून?" मानदासीनं विचारलं.

त्यानं विचार केला. तूप त्याच्या बोटांवरून मनगटावर ओघळलं.

"नाही," तो म्हणाला. "सगळीकडून."

तिनं त्याच्या ताटात दुसरा सिड्डू घातला. दोघंही चुलीपाशी बसलेले होते, आणि आतली खोली रिकामी होती.

आतल्या बाजूनं मधल्या दाराच्या वरच्या लाकडावर ठक्कन काहीतरी आपटलं. चौकटीतून चिमूटभर माती खाली सांडली.

टेकचंदचा घास हातात राहिला. मानदासीनं दाराकडे बघितलं, मग परातीत आणखी दोन मुठी पीठ घातलं.

"नवीन असेल कुणी," ती म्हणाली.